पिक्चरची पेटी

हिंदी सिनेमाच्या धंद्याने देशाची जी वाटणी करून घेतली आहे, तिच्यातल्या एका मुलखाचं नाव अजूनही ‘निझाम’ असंच आहे. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये संपलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. वितरकांच्या वहीत मात्र नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे जिल्हे तेलंगण आणि बिदर-गुलबर्ग्याबरोबरच राहिले. मुंबईत तयार झालेला पिक्चर नांदेडच्या टॉकीजला लागायचा तो हैदराबादच्या वितरकाकडून. प्रिंटा मोजक्या, टॉकीजा जास्त. त्यामुळे आधी मोठी शहरं, मग जिल्ह्याची गावं, मग तालुके. लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचंच गाव होतं.

हा इतिहास काढायचं कारण आजचं आहे. आमच्या भागातल्या काही घरांत टीव्हीच्या खालच्या कप्प्यात एक लहान कॉम्प्युटर बसलेला असतो. त्यात दोन-चार हार्ड डिस्क, त्यांवर पिक्चर, गाणी, फोटो, लग्नाची शूटिंग. आणि घरातला कुठलाही टीव्ही, कुठलाही मोबाईल त्यातून हवं ते लावू शकतो. कुणी त्याला मीडिया सर्व्हर म्हणतं, कुणी नॅस, कुणी नुसतंच ‘तो डबा’. त्याचं मूळ सांगताना अमेरिकेतल्या कंपन्यांपासून सुरुवात करायची पद्धत आहे. यंत्र तिकडून आलं हे खरंच. पण त्याची गरज आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधी तयार होती. पिक्चर आणायचा कुठून, ठेवायचा कुठे आणि घराघरांत पोचवायचा कसा, या विवंचनेत इथल्या माणसांच्या तीन पिढ्या गेल्या आहेत. त्यांनी शोधलेल्या वाटा जोडत गेलं की त्या डब्यापाशी येऊन थांबायला होतं.

पहिली पेटी पत्र्याची. ३५ मिलिमीटरचं हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. तीन तासांच्या हिंदी पिक्चरला सोळा-सतरा रिळं लागत. ही रिळं डब्यांत, डबे पेटीत आणि पेटी रेल्वेने नाहीतर एसटीने. पेटी आली नाही तर खेळ नाही, इतका साधा हिशोब. टॉकीज नव्हती तिथे तंबू जायचा. यात्रांच्या मोसमात ट्रकवर प्रोजेक्टर, जनरेटर आणि कनाती घेऊन फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजांनी महाराष्ट्राच्या खेड्यांना सिनेमा दाखवला. त्या शेवटच्या तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. गणपतीत गल्लीच्या मध्यावर पांढरं कापड ताणायचं आणि १६ मिलिमीटरच्या मशीनवर पिक्चर लावायचा, ही त्या तंबूचीच घरगुती शाखा. कापडाच्या दोन्ही बाजूंना लोक बसत. एका बाजूला पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसत, पण तक्रार कुणाचीच नसे.

टीव्हीची कहाणीही अशीच उशिराची. १ ऑगस्ट १९७५ ला उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला, सहा राज्यांतल्या २४०० गावांत, वर्षभर. कर्नाटकातल्या गुलबर्गा भागातली खेडी त्यात होती. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. मुंबई दूरदर्शन १९७२ चं, पण ते आमच्यापर्यंत पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. पुढे लातूरकरांनी गच्चीवरच्या अँटेना अंबाजोगाईच्या टॉवरकडे वळवल्या आणि ‘आलं का? आलं का?’ हा संवाद गच्ची आणि बैठकीच्या खोलीत सुरू झाला. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला लागलं तेव्हा टीव्हीवाल्या घरात चपलांचा ढीग पडायचा.

टीव्हीवर दुसरा कुणी ठरवेल तेच बघायचं. व्हीसीआरने पहिल्यांदा निवड बघणाऱ्याच्या हाती दिली. व्हीएचएस कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणली. १९८२ च्या एशियाडबरोबर देशात रंगीत टीव्ही आले आणि पाठोपाठ भाड्याचा व्हिडिओ आला. रात्रभरासाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटा. मशीनबरोबर एक पोरगाही यायचा. मशीन जपणं हे त्याचं काम. चित्रावर मुंग्या आल्या की तो झाकण उघडून स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायचा आणि बसलेले सगळे श्वास रोखून बघायचे. व्हिडिओ लायब्ररीची वही, डिपॉझिट, रिवाइंड न करता परत दिली म्हणून होणारी बोलणी, हे सगळं ज्यांनी अनुभवलं त्यांना घरात साठा असण्याचं सुख वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता त्या जागेकडे येतो जी मला या सगळ्या मागोव्यात सर्वांत महत्त्वाची वाटते आणि जिची दखल कुणी फारशी घेत नाही: केबलवाल्याची कंट्रोल रूम.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर आणि स्टार टीव्हीच्या आगमनानंतर दोन-तीन वर्षांत नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत खांबाखांबांवर काळ्या वायरी लोंबू लागल्या. गच्चीवर मोठ्या तबकड्या आणि खाली एक छोटी, कायम गरम असलेली खोली. प्रत्येक चॅनलला एक रिसीव्हर, प्रत्येक रिसीव्हरला एक मॉड्युलेटर. मॉड्युलेटर चित्र-आवाजाला आपापल्या फ्रिक्वेन्सीवर चढवतो, मग सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र करून एकाच वायरीत सोडायच्या. जाड वायर रस्त्याने, बारीक वायर घरात, मध्ये दर काही घरांनंतर अॅम्प्लिफायर, कारण लांब वायरीत सिग्नल मरतो. खांबावरच्या त्या अॅम्प्लिफायरलाही वीज लागायची. म्हणून आपल्या घरी लाइट असूनही मधल्या गल्लीची गेली की आपली केबल बंद. ज्यांनी घराच्या नेटवर्कमध्ये स्विच एका फेजवर आणि टीव्ही दुसऱ्या फेजवर ठेवून हीच अडचण पुन्हा ओढवून घेतली, त्यांना हे वाचून ओळख पटेल.

त्या खोलीत एक मॉड्युलेटर केबलवाल्याचा स्वतःचा असे. त्याला डिश जोडलेली नसायची, व्हीसीआर जोडलेला असायचा. दुपारी बायकांसाठी एक पिक्चर, रात्री साडेनऊनंतर दुसरा, शनिवारी-रविवारी जास्तीचा. खालून जाहिराती सरकत: साड्यांची दुकानं, दवाखाने आणि लातुरात अर्थातच क्लासेस. लोक फोन करत. ‘दादा, किती दिवस झाले, एखादा मराठी लावा की.’ आणि दादा लावायचे. एक साठा, एक यंत्र, एका वायरीवर दोनशे-पाचशे घरं आणि बघणाऱ्याची फर्माईश. आज प्लेक्स किंवा जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर घरात जे करतं, ते सगळं तिथे घडत होतं. फरक एवढाच की एकाने मागितलेला पिक्चर सगळ्या मोहल्ल्याला बघावा लागे.

मग व्हीसीआरच्या जागी व्हीसीडी प्लेअर आला. व्हीसीडीवर चित्र फक्त ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, एका तबकडीत ७४ मिनिटं, म्हणून मोठ्या पिक्चरला तीन सीड्या. तबकडी बदलायला माणूस हवा. हा माणूस वाचवण्यासाठी कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर शिरला. सगळ्या सीड्या हार्ड डिस्कवर उतरवायच्या, क्रमाने लावायच्या, ग्राफिक्स कार्डाच्या टीव्ही-आउटमधून पिवळी पिन काढून मॉड्युलेटरला द्यायची आणि झोपायचं. रात्रीचा पिक्चर आपोआप संपून दुसरा लागायचा. मधूनच पडद्यावर माऊसचा बाण दिसायचा, एखाद्या रात्री विंडोजची एरर सगळ्या शहराला दिसायची.

याच सुमाराला, २००२ मध्ये, तिकडे मायक्रोसॉफ्टने टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरसाठी विंडोजची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती काढली. आणि काही हौशी प्रोग्रॅमरांनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्राचं कुलूप तोडून त्यावर पिक्चर चालवणारा प्लेअर लिहिला. त्याचंच पुढे एक्सबीएमसी झालं, २०१४ मध्ये त्याला कोडी हे नाव मिळालं आणि २००८ मध्ये त्यातूनच प्लेक्सची फांदी फुटली. त्या प्रोग्रॅमरांची आणि आमच्या केबलवाल्याची एकमेकांशी काही ओळख नव्हती. दोघांनी एकच वस्तू बनवली: टीव्हीला जोडलेला, साठ्यातून दाखवणारा कॉम्प्युटर. केबलवाल्याच्या त्या साठ्यातला बराचसा माल बिनहक्काचा होता हेही सांगायला हवं. केबलचा कायदा १९९५ मध्ये आला, पिक्चर दाखवायचे तर हक्क घ्यावे लागतात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात निर्मात्यांचं नुकसान झालं.

घरात साठा शिरला तो मात्र दुसऱ्या दाराने, लोडशेडिंगच्या काळात. बीएसएनएलचं ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये सुरू झालं. सुरुवातीचा वेग सेकंदाला २५६ किलोबिट. पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोकळं असायचं. तेव्हा पिक्चरची फाइल एका सीडीत मावेल अशी ७०० एमबीची करण्याची पद्धत होती. हिशोब करून पाहा: या वेगाने ७०० एमबी उतरायला सहा तासांहून थोडं जास्तच लागतं. म्हणजे मोकळी रात्र जेमतेम एका पिक्चरची. तीही पूर्ण मिळाली तर, कारण त्या वर्षांत महावितरणचं भारनियमन फीडरच्या गटांप्रमाणे चाले. ज्या फीडरवर वीजगळती जास्त आणि वसुली कमी, त्याला जास्त तास अंधार. मराठवाड्याच्या वाट्याला काय आलं असेल ते इथल्या कुणालाही विचारा.

फाइल उतरवायची टोरंट ही पद्धत इथे इतकी रुजण्याचं खरं कारण मला या भारनियमनातच दिसतं. त्यात फाइलचे छोटे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा स्वतंत्र तपासला जातो; लाइट गेली तरी उतरलेले तुकडे शाबूत राहतात आणि आल्यावर तिथूनच पुढे. साध्या डाउनलोडमध्ये पाच तासांनी लाइट गेली की बहुधा पहिल्यापासून सुरुवात. २००७ च्या आरंभी वेग २ मेगाबिटपर्यंत गेला, त्याच सहा तासांत सात-आठ पिक्चर मावू लागले आणि कॉम्प्युटरची डिस्क भरली. मग दुसरी डिस्क आली. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत तर प्रत्येकाने आपापला फोल्डर शेअर करायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांचं बघायचं, ही रीत देशभर होती. सुट्टीत घरी येणारी पोरं ती रीत आणि बॅगेत भरलेली डिस्क दोन्ही घेऊन आली. नेटवर्कवरचा साठा ही कल्पना अनेक घरांत अशी पोचली.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता त्यांच्यासाठी मोबाईलची दुकानं होती. बसस्टँडसमोर, कॉलेजच्या रस्त्याला, ‘डाउनलोडिंग करून मिळेल’ अशी पाटी. चार जीबीचं मेमरी कार्ड काउंटरवर ठेवायचं आणि काय हवं ते सांगायचं: नवे पिक्चर, कव्वाल्या, भीमगीतं, एखाद्या महाराजांची कीर्तनं. लातुरात बाहेरगावहून शिकायला आलेल्या, खोलीवर टीव्ही नसलेल्या पोरांचं सगळं मनोरंजन त्या कार्डावर चाले. त्याची काळी बाजू ‘सैराट’च्या वेळी उघडी पडली. एप्रिल २०१६ च्या शेवटी तो लागला आणि थोड्याच दिवसांत चोरटी प्रत कार्डाकार्डांवरून फिरू लागली; निर्मात्यांना पोलिसांकडे जावं लागलं. आपल्याच मातीतला, आपल्याच भाषेतला इतका मोठा पिक्चर, आणि त्याचीच चोरी आपल्याच काउंटरवर. मला ते तेव्हाही लागलं होतं, आजही लागतं.

त्याच सुमाराला कंट्रोल रूमही संपत आली. केबल डिजिटल करण्याच्या सरकारी कार्यक्रमात नांदेड-लातूरसारख्या शहरांची पाळी तिसऱ्या टप्प्यात आली, मुदत ३१ डिसेंबर २०१५. सेटटॉप बॉक्स आले, चित्र दुरून, मोठ्या कंपनीकडून येऊ लागलं आणि दादांचा स्वतःचा चॅनल मागे पडला. अनेक केबलवाल्यांनी त्याच खांबांवरून फायबर ओढली आणि ते इंटरनेटवाले झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. आता साठवायची गरजच काय, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

गरज उरली आणि ती कशी उरली ते एखाद्या घरात तो डबा बसवताना नीट दिसतं. जुन्या गावठाणातलं घर घ्या. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर माळवद. राउटर बैठकीत, टीव्ही माजघरात. पाच गिगाहर्ट्झचा वायफाय त्या भिंतीपुढे हात टेकतो, २.४ चा रडतखडत पोचतो आणि मोठा पिक्चर दर दोन मिनिटांनी थांबतो. उपाय एकच, कॅट-सिक्सची वायर. ती शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते आणि अशा घरात ती ओढून देणारा माणूस बहुतेक वेळा तोच जुना केबलवाला असतो. कुठून वायर घ्यायची, कुठे भोक पाडायचं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेर वायरीला कसा झोल द्यायचा, हे त्याच्या हाताला माहीत असतं.

मग विजेचं. घरात इन्व्हर्टर आहे म्हणजे झालं असं लोक धरून चालतात, पण इन्व्हर्टरवर एक छोटं बटन असतं, एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’. नॉर्मलवर असेल तर लाइट जाऊन बॅटरी चालू व्हायला इतका वेळ लागतो की पंखा सावरतो पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. लिहिता लिहिता असं वारंवार झालं की फाइली खराब होतात. बटन यूपीएसवर हवं. शक्य असेल तर सर्व्हरला स्वतःचा छोटा यूपीएस आणि त्याची यूएसबी वायर सर्व्हरला, म्हणजे बॅटरी उतरत आली की तो आपणहून नीट बंद होतो. अर्थिंग तपासून घ्यावी. आणि उन्हाळा: मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना बंद लाकडी कपाटातल्या डिस्कचं काय होत असेल याचा विचार करा. कपाटाची मागची फळी काढून टाकणं हा फुकटचा आणि उत्तम उपाय.

त्यावर ठेवायचं काय? पिक्चर आता ओटीटीवर मिळतात. अर्थात जोवर कंपनीकडे हक्क आहेत तोवर. काल होता तो मराठी पिक्चर आज यादीत नाही, हे आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. पण ज्या वस्तूंसाठी मी लोकांना डबा घ्यायला सांगतो त्या कुठल्याच कंपनीकडे कधी नव्हत्या. आईवडलांच्या लग्नाची कॅसेट. गावच्या सप्त्यातलं कीर्तन, ज्यात टाळ धरून आजोबा उभे आहेत. आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटलेल्या, भावाने मोबाईलवर टिपलेल्या. या गोष्टी आज जुन्या कॅसेटीत, चरे पडलेल्या सीडीत, बंद पडलेल्या फोनमध्ये आणि व्हॉट्सअॅपने चेपून बारीक केलेल्या तुकड्यांत विखुरल्या आहेत.

त्या एका जागी आणल्या की लोक विचारतात, दोन डिस्क लावल्या की बिनघोर ना? एकच माल दोन डिस्कवर एकाच वेळी लिहायची रीत जुनी आहे. १९८८ मध्ये बर्कलीच्या तिघा संशोधकांनी रेड या नावाने तिची शास्त्रीय मांडणी केली. एक डिस्क गेली तर दुसरी चालू राहते, एवढीच तिची हमी. चुकून डिलीट केलं तर दोन्हीकडून जातं. वीज पडली तर दोन्ही जळतात. दुसरी प्रत दुसऱ्या घरात, शक्यतो दुसऱ्या गावात हवी.

हे लातूर जिल्ह्यात कुणाला पटवावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हलली आणि त्याच जाड भिंती, तीच मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. माणसांपुढे फोटो-कॅसेटींचा हिशोब कोण करतो. पण वाचलेल्यांकडे गेलेल्यांचा चेहरा उरला असेल तर तो दुसऱ्या गावच्या नातेवाइकाच्या अल्बममध्येच. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, प्रभात स्टुडिओच्या चित्रपटांसह कितीतरी जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती जळाल्या. ज्यांच्या प्रती आधीच काढून दुसरीकडे ठेवल्या होत्या तेच आज बघायला मिळतात. आमच्या घरांतून पोरं पुण्याला, हैदराबादला नोकरीला गेलेलीच आहेत. दुसरी डिस्क त्यांच्याकडे द्यावी, दिवाळीला येताना ती आणावी, नवं भरून परत न्यावी.

आणि कॅसेटींचं काम आधी करावं. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता गावात चालू मशीन असेल तर एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओत किंवा शूटिंगवाल्याकडे. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, त्याला तोडगा नाही. चांगल्या प्रतीत उतरवली तर तासाला १३ जीबीच्या आसपास जागा लागते. मूळ तशीच ठेवावी आणि बघण्यासाठी वेगळी लहान फाइल करावी. लावण्यापूर्वी कॅसेटची खिडकी उजेडात धरून बघावी. रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नये, आधी साफ करून घ्यावी, नाहीतर टेप तुटते आणि हेडही खराब होतं. शूटिंगवाल्याला विचारा, त्याच्याकडे अजून स्पिरिट आणि कापूस असतो.